स्वयंपाकघर नंतर बघ, आधी छप्पर

काँकर्ड, मॅसॅच्युसेट्स
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

"तुमच्या गावात एक काँडो (मालकीचा फ्लॅट) बघितलाय, किचन झकास आहे," असं तू दुपारी म्हणालास आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. म्हणून सविस्तर लिहितो.

गाव सोन्यासारखं आहे. 1635 सालची वस्ती. 19 एप्रिल 1775 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी इंग्रज शिपायांवर गोळ्या झाडल्या ती नॉर्थ ब्रिजची जागा इथलीच. लेखक थोरो ज्याच्या काठी झोपडी बांधून राहिला त्या वॉल्डन तळ्यात आम्ही उन्हाळ्यात पोहतो. बॉस्टनला थेट लोकल आहे. पण इथे स्वतंत्र घर घ्यायचं तर दहा लाख डॉलरही पुरत नाहीत. आपल्यासारख्या पगारदाराला गावात शिरायला काँडो हेच काय ते दार. आणि त्याच दारातून म्हातारी माणसंही येतात. आमच्या भिंतीपलीकडच्या आजी चाळीस वर्षं इथल्याच मोठ्या घरात राहिल्या. आजोबा गेल्यावर बर्फ उपसणं झेपेना. घर विकलं, पण गाव सोडवेना.

आता मुद्द्याचं. पुण्यात आपण विचारतो ना, "सोसायटी आहे की अपार्टमेंट?" काँडो म्हणजे आपलं अपार्टमेंट. तिकडे 1970 चा कायदा, इथे 1963 चा. इमारतीत कोणाचं काय हे सांगणारा जो दस्त, आपल्या त्या डीड ऑफ डिक्लरेशनच्या जागी इथे मास्टर डीड. आतला गाळा तुझा. छप्पर, बाहेरच्या भिंती, रस्ता यांत तुझा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. खर्चही त्याच टक्क्याने. कागदावर हे साधं दिसतं. मला ते कळलं 2015 च्या हिवाळ्यात.

त्या मोसमात बॉस्टनला 110 इंचांहून जास्त बर्फ पडला. घरातली ऊब माळ्यावाटे छपरापर्यंत जाते, वरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं आणि तिथे बांध तयार होतो. मागचं पाणी मग कौलांखाली शिरतं. रात्री दोन वाजता मुलीच्या पलंगावर टप टप सुरू झालं. घरातली पातेली संपली. आवाज ऐकून आजी गाऊनवरच आल्या, हातात टर्की भाजायचा भलामोठा ट्रे. तो त्यांनी बरोब्बर धारेखाली ठेवला आणि पहाटेपर्यंत मुलीला कुशीत घेऊन बसल्या. ते मी जन्मात विसरणार नाही.

वसंतात छप्पर उघडलं तर आतल्या फळ्या कुजलेल्या. आमच्या कमिटीने वर्षानुवर्षं मेंटेनन्स वाढवला नव्हता, सगळे खूश होते, आणि राखीव निधीत खडखडाट. मग स्पेशल असेसमेंट, म्हणजे मेंटेनन्सशिवायची जादा वर्गणी, आली. गाडीसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. आजींचं तर उत्पन्न बांधलेलं. त्यांना हप्ते पाडून द्यावेत म्हणून मी मीटिंगमध्ये उभा राहिलो, आणि तेव्हापासून कमिटीत आहे. एखाद्याला न झेपणारी रक्कम एकदम मागायची आणि त्याला कायदा म्हणायचं, हे मला आजही पटत नाही.

म्हणून सांगतो, मेंटेनन्स कमी आहे म्हणून भुलू नकोस. मागच्या तीन वर्षांची मिनिट्स, म्हणजे कमिटीच्या मीटिंगांची इतिवृत्तं, मागून घे आणि ओळ न् ओळ वाच. छप्पर कधी बदललं, राखीव निधीत किती पैसे आहेत, विम्याच्या दाव्यात पहिले किती डॉलर आपल्या खिशातून जातात, हे विचार. वकील 6(d) चा दाखला, म्हणजे त्या गाळ्याच्या मेंटेनन्सच्या थकबाकीचा दाखला, मागेलच. पण त्यात मागची थकबाकी दिसते, पुढे येणारा खर्च दिसत नाही.

शनिवारी सकाळच्या लोकलने ये. मिनिट्स मिळाली तर बरोबर आण, दोघं बसून वाचू. मग बाहेरून वळचणी बघून येऊ. भिंतीवर पाण्याचे ओघळ असतील तर उन्हात लगेच दिसतात. आजींना तू येणार हे सांगितलंय. वहिनींनाही आण.

तुझाच,
जुना रूममेट