पडद्याचा संसर्ग आपोआप बरा होत नाही

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला डोळ्यांच्या विषाणुसंसर्गावरचा लेख वाचला. एक रात्र मध्ये जाऊनही राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे. डोळे येणे आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) विषाणूचा संसर्ग होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी लेखकाने एकाच परिच्छेदात कोंबल्या आहेत. सल्लाही दोन्हींना एकच: घाबरू नका, आठवडाभरात आपोआप बरे होते, लाली नसेल तर काळजीचे कारण नाही. डोळे आल्यावर हे बहुतेक वेळा खरे असते. पडद्याच्या बाबतीत या सल्ल्याने माणूस आंधळा होऊ शकतो.

माझ्या मोठ्या बहिणीच्या कपाळावर नागीण उठून गेली होती. खपल्या पडल्या, दुखणे संपले असे आम्ही समजलो. मग त्याच बाजूच्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगू लागले, धुरकट दिसू लागले, भुवईखाली ठसठसू लागले. आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ‘आत थोडी सूज आहे’ म्हणून स्टेरॉइडचे थेंब दिले, फरक पडेना तेव्हा स्टेरॉइडच्याच गोळ्या. ताईने नागिणीबद्दल स्वतःहून सांगितले, तर त्याचा काही संबंध नाही म्हणाले. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा त्यांनी एकदाही पाहिला नाही. याचा संताप मला आजही आवरत नाही.

पडद्याच्या तज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत ते केले. थेंब घालून ताईला डोळे मिटून बसवले, मग कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून तपासले. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा, कानाकडे बघा. पडद्याच्या कडेला पिवळट पांढरे चट्टे होते आणि तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. या आजाराला अक्यूट रेटायनल नेक्रोसिस म्हणतात. पडदा कडेकडून मरत मरत मध्याकडे येतो. बहुतेकदा तो कांजिण्यांच्या किंवा हर्पिस सिम्प्लेक्सच्या विषाणूने होतो. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, वर्षानुवर्षांनी नागीण होऊन उठतो आणि क्वचित पडद्यापर्यंत पोहोचतो. डोळ्याच्या आतले पाणी बारीक सुईने काढून पीसीआरला, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या चाचणीला, पाठवले, पण डॉक्टर अहवालासाठी थांबले नाहीत. त्याच दिवशी शिरेतून दर आठ तासांनी असायक्लोविर हे विषाणूवरचे औषध सुरू झाले, डोळ्यात फॉस्कार्नेट या तशाच औषधाचे इंजेक्शन दिले. अहवालात कांजिण्यांचाच विषाणू निघाला. स्टेरॉइड या आजारात देतात, पण विषाणूवरचे औषध सुरू करून एकदोन दिवस गेल्यावर. त्याआधी नुसते स्टेरॉइड देणे म्हणजे विषाणूला रान मोकळे करून देणे.

मेलेला पडदा विरविरीत होतो, त्याला भोके पडतात आणि तो सुटतो. या आजारातल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक डोळ्यांत हे घडते, तेही पुष्कळदा संसर्ग आटोक्यात आल्यावर. ताईचेही तेच झाले. शस्त्रक्रिया करून डोळ्यात सिलिकॉन तेल भरले. आज त्या डोळ्याला जवळ धरलेली बोटे तेवढी मोजता येतात. दुसरा डोळा शाबूत आहे, कारण सलाइन संपल्यावरही व्हॅलासायक्लोविरच्या गोळ्या काही महिने चालू ठेवल्या. उपचार झाले नाहीत तर साधारण एक तृतीयांश रुग्णांत दुसराही डोळा धरतो, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांतच. लेखात यावर एक ओळ नाही. थंड पाण्याच्या घड्यांना मात्र अर्धा रकाना आहे.

‘लाली नसेल तर काळजी नको’ हे वाक्य तर एचआयव्ही असलेल्या वाचकांसाठी भयंकर आहे. रक्तातल्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, दर घन मिलिमीटरला ५० च्या खाली गेल्या की सायटोमेगॅलो विषाणू पडद्यावर चढू शकतो. तेव्हा डोळा पुष्कळदा ना लाल होतो ना दुखतो. नजरेचा एखादा तुकडा गळतो किंवा ठिपके दिसतात, एवढेच. अवयवरोपण झालेल्यांनाही हा धोका असतो. त्यावर गॅन्सिक्लोविर आणि व्हॅलगॅन्सिक्लोविर ही औषधे आहेत. एचआयव्हीचे उपचार नीट चालून प्रतिकारशक्ती वर आली की ती पुढे थांबवताही येतात. पण त्यासाठी रुग्णाने वेळेत दवाखान्यात जायला हवे आणि आपला लेख त्याला घरी बसायला सांगतो.

माझी मागणी स्पष्ट आहे. पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापा: अचानक ठिपके तरंगू लागले, धुरकट दिसू लागले, नजर कुठून कापल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, नागीण, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावे, घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. आणि असे लेख छापण्यापूर्वी एखाद्या नेत्रतज्ज्ञाला दाखवत जा.

आणखी एक. आरोग्याचे पान फिक्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापणे बंद करा. हे मी पूर्वीही कळवले होते, उत्तर आले नाही. एका डोळ्याने वाचणाऱ्या माणसाला त्यातली एक ओळही लागत नाही.

आपली,
एक वाचक