बुखानसानहून उतरल्यावर

ती. बाबा आणि आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी मी फोन उचलला नाही आणि संध्याकाळी 'कामात होते' असे सांगितले, ते खरे नव्हते. त्या वेळी मी इथे कोरियात, सोल शहराला लागून असलेल्या बुखानसानच्या डोंगरावर, बेगुंदे शिखराखालच्या कातळावर होते आणि दोन्ही हातांनी पोलादी दोर धरलेला होता. कळसूबाईनंतर आई जे बोलली ते मी विसरलेले नाही, म्हणूनच आधी सांगण्याचे धैर्य झाले नाही. दुसरी गोष्टही याच पत्रात सांगते. इथल्या नोकरीचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला आहे. सोमवारी सही केली. तुम्हाला विचारायला हवे होते. पण तुम्ही 'तुझे तू ठरव' एवढेच म्हणाला असतात आणि मग रात्रभर जागे राहिला असतात.

आई, तू आधी जेवणाचे विचारशील, म्हणून सांगते. डब्यात मेथीचे ठेपले होते, वाटेत घेतलेला किंबाप, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, होता (भाजीचाच, मांस नसलेला), दोन बाटल्या पाणी होते आणि तू दिलेली आवळासुपारीही होती. बूट नवे, घोट्यापर्यंत येणारे आहेत. मेट्रोच्या उई स्थानकावर उतरले की डोंगर समोरच दिसतो. दोसनसा मंदिरापर्यंत गाडीरस्ता आहे आणि तिथून शिखर सुमारे दोन किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी क्रमांक लिहिलेले खांब आहेत. काही झालेच, तर ११९ या मदतीच्या नंबरवर फोन करून खांबावरचा क्रमांक सांगायचा, म्हणजे मदतीला येणाऱ्यांना नेमकी जागा कळते. आणि एकटी म्हणावी, तर शनिवारी या वाटेवर माणसांची रांगच असते. त्यांत बाबांच्या वयाचे कितीतरी जण दोन्ही हातांत काठ्या घेऊन माझ्या पुढे गेले. एका आजींनी न विचारता सोललेले संत्रे माझ्या हातावर ठेवले. मला त्यांची भाषा पुरती येत नाही, तरी 'खा' एवढे कळलेच.

बाबा, आता तुमच्यासाठी. या डोंगरावर किल्ला आहे. कोरियाचा राजा सुकजोंग याच्या काळात, १७११ मध्ये, अवघ्या सहा महिन्यांत त्याची तटबंदी उभी राहिली. तेव्हा आपल्याकडे शाहू महाराज साताऱ्याला होते. शिखराच्या अलीकडे तटात एक बुटका दरवाजा लागतो. त्यावर मनोरा नाही की सजावट नाही, कारण तो शत्रूला दिसू नये म्हणूनच बांधलेला. आपला चोरदरवाजाच. तिथून पुढे उघडा ग्रॅनाइट, शेजारी इन्सुबोंगचा उभा सुळका आणि त्यावर मुंग्यांएवढे दिसणारे प्रस्तरारोहक. बेगुंदेची उंची ८३६ मीटर आहे, म्हणजे सिंहगडापेक्षा कमीच. पण वर गेल्यावर सगळे सोल शहर पायाशी पसरलेले दिसते. माथ्यावरच्या खडकात कोरियाच्या १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीची आठवण कोरलेली आहे. ती अक्षरे पाहताना तुम्ही शेजारी असायला हवे होतात, असे फार वाटले.

मला सिंहगडाचे रविवार आठवत होते. शेवटच्या चढाला मी रडायला लागले की तुम्ही बोट पुढे करायचा आणि वर गेल्यावर दह्याचे मडके आधी माझ्या हातात द्यायचा. 'परक्या गावात तुझे काय आहे?' असे मी निघताना तुम्ही विचारले होते, तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. निदान आता एक डोंगर आहे, आणि तो चढायला तुम्ही शिकवले आहे.

गुडघ्याच्या दुखण्याने तुमचा गड सुटला, याची मला जाणीव आहे. हे सगळे लिहून तुम्हाला दुखवायचे नाही. म्हणून आत्ताच सांगते. गुडघ्याचे व्यायाम रोज करायचे, एक दिवस करून चार दिवस सोडायचे नाहीत. पर्वतीच्या पायऱ्या पट्टा बांधूनच चढायच्या आणि उतरताना कठडा धरायचा. आईने रक्तदाबाची गोळी 'आज बरे वाटते' म्हणून टाळायची नाही. पुढच्या ऑक्टोबरमध्ये, पाने लाल झाली की, तुम्ही दोघे इकडे या. मंदिरापर्यंत गाडीने जाऊ, पुढे चढलेच पाहिजे असे नाही. माझ्या खोलीची जमीन आतून तापते, त्यामुळे आईच्या पायांना थंडी बाधणार नाही.

चोरदरवाज्याचे फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत. बाबांनी ते मोठे करून चिरे नीट पाहावेत आणि बांधणी आपल्यासारखी वाटते का, ते मला लिहून कळवावे.

तुमची,
छकुली