अतिरिक्त प्रभाराचे ओझे आधी उतरवा

राज्य सरकारच्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत उत्तम ठरलेल्या कार्यालयांच्या गौरवाचे वृत्त वाचले. कौतुक योग्यच, पण ही सुधारणा सज्जापर्यंत (एका तलाठ्याकडे असलेल्या गावांपर्यंत) पोचायला हवी. आमच्या भागातील एका ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (गावात अजून तलाठीच म्हणतात) शेजारच्या सज्जाचाही प्रभार आहे. गेल्या पावसाळ्यात सोयाबीनच्या पंचनाम्याचे फोटो अपलोड करायला रेंज मिळेना, म्हणून ते शाळेच्या ओट्यावर मोबाईल उंच धरून उभे होते. त्याच दुपारी त्यांच्या कार्यालयाच्या बंद दारापाशी एक म्हातारी पिशवीत कागद घेऊन बसली होती. परतीची एसटी चारची.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ती हवीच. पण दंडाच्या भीतीने एक माणूस दोन ठिकाणी हजर राहू शकत नाही. रिक्त पदे भरा आणि नवे अ‍ॅप आणण्याआधी ते वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारा. ठरलेला वार दारावर लिहून तो पाळण्याइतकी उसंत त्यांना मिळाली, तरी त्या म्हातारीची एक फेरी वाचेल.

– एक शेतकरी, जि. यवतमाळ