रविवारची मेणवली भेट : सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सकाळी बरोबर ६.३० ला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून निघायचं आहे. "दोन मिनिटांत पोचतो" असा फोन करणाऱ्यांनी थेट वाईला यावं. तिथून मेणवली तीनेक किलोमीटर.

नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा कृष्णेचा घाट अनेकांनी आधी पडद्यावरच पाहिलाय. २००४ च्या 'स्वदेस'चं चित्रीकरण इथलंच. पण पडद्यावरचा वाडा तोच असेल याचा भरवसा नाही. इंग्लंडच्या राणीवरच्या 'द क्राउन' मालिकेत लग्न दिसतं वेस्टमिन्स्टर ॲबीतलं, चित्रीकरण मात्र ईली कॅथेड्रलमधलं! तेव्हा नायक कुठे उभा होता हे शोधण्यात सकाळ घालवू नका. चौक, लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं नीट बघा.

त्या चित्रांना हात लावायचा नाही. पाठीवरची सॅकही पोटाशी धरा. मागच्या सहलीत एकाची सॅक दारातून वळताना भिंतीला घासली आणि रंगाची पूड खांद्यावर घेऊनच तो बाहेर आला. फ्लॅश बंद. आतले फोटो विचारूनच. मालमत्ता खासगी आहे.

घाटावरची मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली, पोर्तुगीज चर्चमधली. तिच्यावर बाळ येशूसह मेरी कोरलेली आहे, जवळून बघा. वाजवू नका. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, सेल्फीसाठी तिकडे उतरू नये.

डबा, पाणी आपापलं. चहा वाईत, गणपती घाटाजवळ. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.