ताई, मॅक्रोतल्या त्या शेवटच्या ओळींसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले असते तर 'त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

काम तसं लहान होतं. यंत्रं दर पाळीला मोजमापांची एक टेक्स्ट फाइल तयार करतात, महिनाअखेरीस फोल्डर भरून जातो आणि ते सगळं एक्सेलच्या एका शीटमध्ये एकाखाली एक आणायचं असतं. हातानं करायचं तर प्रत्येक फाइलीला तोच विझार्ड आणि तीच बटणं. म्हणून मॅक्रो, म्हणजे हीच बटणं आपोआप दाबणारा छोटा प्रोग्राम, रेकॉर्ड करून तुमच्याकडे पाठवला तेव्हा तुम्ही तो बाजूला ठेवून स्वतःचा लिहून देऊ शकला असतात, आणि तुमचा वेळही वाचला असता. त्याऐवजी तुम्ही माझाच मॅक्रो ओळीओळीनं वाचायला लावलात. "रेकॉर्डर हा आज्ञाधारक कारकून आहे, नको तेही लिहून ठेवतो," असं म्हणत निम्म्या ओळी खोडल्यात. त्या सगळ्या न बदललेल्या सेटिंग्ज होत्या, त्यांच्यावाचून काहीच अडलं नाही.

मग फाइलीचा पत्ता. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत तो जसाच्या तसा कोरलेला असतो, त्यामुळे मॅक्रो कितीही वेळा चालवला तरी तीच फाइल पुन्हा येते. तिथं एक व्हेरिएबल, म्हणजे दर वेळी नवं नाव घेणारी जागा घातलीत आणि भोवती 'डिर'चं लूप, म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची नावं एकेक करून देणाऱ्या आज्ञेची फेरी. पहिल्यांदा फोल्डर आणि टीएक्सटी हे एक्स्टेन्शन देऊन हाक मारायची, पुढं नुसत्या रिकाम्या हाकेला तो एकेक नाव देत राहतो, आणि नावं संपली की रिकामी स्ट्रिंग येते. 'बॅकग्राउंड क्वेरी' फॉल्स ठेवायची, नाहीतर डेटा येत असतानाच मॅक्रो पुढच्या ओळीवर जातो. आणि फाइल आत आली की तिची जोडणी डिलीट करायची, नाहीतर वर्कबुकात जुन्या जोडण्यांचा ढीग साठतो. हे सगळं तुम्ही भराभर सांगितलंत. कुठल्याही पुस्तकात मिळेल म्हणालात.

थांबलात ती एकाच ओळीवर, कुठल्या कॉलमात कसला डेटा आहे ते सांगणाऱ्या 'टेक्स्टफाइल कॉलम डेटाटाइप्स'वर. नुसते आकडे होते तिथं, बहुतेक सगळे १. तुम्ही विचारलंत, "हे एक म्हणजे काय?" जनरल, असं उत्तर मिळाल्यावर म्हणालात, "जनरल म्हणजे एक्सेलला अंदाज बांधायची परवानगी." आणि मग कॉलम एकेक करून घेतलेत. नमुना क्रमांक ००४१७ असा असतो. एक्सेलला ती संख्या वाटते आणि शीटमध्ये नुसते ४१७ उरतात. तिथं २, म्हणजे मजकूर. यंत्राचा अनुक्रमांक सोळा आकडी असतो, आणि एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं. तिथंही २. तारखेला ४, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. नको त्या कॉलमला ९, म्हणजे आणूच नको.

तारखेचं तुम्ही जे दाखवलंत ते बघून मी खरोखर गार पडलो. टेक्स्ट फाइल उघडायची दुसरी आज्ञा आहे, 'वर्कबुक्स ओपनटेक्स्ट'. तिनं फाइल उघडली आणि 'लोकल' ट्रू केलं नाही, तर व्हीबीए, म्हणजे मॅक्रोची भाषा, तारखा अमेरिकी क्रमानं, आधी महिना मग दिवस असं वाचते. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल, ते चार मार्च होतं. १३/०४ मात्र तशी वाचताच येत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला बसते. त्यामुळे गडबड दिसते ती तेरा तारखेपासून पुढची. पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उजव्या बाजूला नीट, साळसूदपणे चुकीच्या असतात. वर फाइलीचं एक्स्टेन्शन सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) असेल तर ओपनटेक्स्ट कॉलमबद्दल सांगितलेलं काहीच ऐकत नाही, ते आधी टीएक्सटी करून घ्यावं लागतं.

अंदाजाचा हा रोग किती जुना आणि किती दूरवर गेलेला आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट २' अशी नावं बदलून 'मार्चएफ १', 'सेप्टिन २' करावी लागली, कारण संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत होत्या. माणसांनी जनुकांची नावं बदलली. एक्सेलनं आपली सवय तेव्हा बदलली नाही. मला अजूनही यावर हसावं की रडावं कळत नाही.

पण आभार मानायचे आहेत ते मुख्यतः शेवटच्या ओळींसाठी. मॅक्रो चालत होता, मला तो पूर्ण वाटत होता, आणि तुम्ही म्हणालात, "ताळा कुठंय?" फाइलीत ओळी किती, शीटमध्ये ओळी किती आल्या, हे फाइलीच्या नावासह वेगळ्या शीटवर लिहायचं. जुळलं नाही तर फाइलीचं नाव सांगून मॅक्रोनं तिथंच थांबायचं. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे चूक झाली तरी पुढं चल, ही ओळ कुठंही दिसता कामा नये, कारण ती चूक दुरुस्त करत नाही, नुसती गिळते. एवढ्याशा कामाला इतका पहारा कशाला, असं वाटलं होतं खरं. तेव्हा तुम्ही इंग्लंडचं उदाहरण दिलंत. २०२० च्या साथीत प्रयोगशाळांकडून आलेल्या टेक्स्ट फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ च्या पुढं ओळी मावत नाहीत. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात, पण साचा जुनाच होता. १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढं गेल्याच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. दोन आकड्यांची तुलना केली असती तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

आमच्या ताळ्यानं पहिल्यांदा बोंब मारली तेव्हा गंमत झाली. एका यंत्राचं सॉफ्टवेअर बदललं होतं. ताळा म्हणत होता फाइलीत एकच ओळ आहे, आणि शीटमध्ये तर शेकडो, सगळ्या बरोबर. ताळ्यासाठी ओळी वाचणारी 'लाइन इनपुट' ही आज्ञा ओळीचा शेवट ओळखते तो कॅरेज रिटर्न या न दिसणाऱ्या खुणेवरून, आणि नव्या फाइलींत लाइनफीड ही नुसती दुसरी खूण होती. म्हणजे डेटा खरा, ताळाच खोटा. मला वाटलं तुम्ही ओशाळाल. तुम्ही खूश झालात. "खोटं का होईना, बोलला ना?" आता फाइल एकदम वाचून लाइनफीड मोजतो.

शेऱ्यांच्या कॉलमातली देवनागरीही सुधारली. 'टेक्स्टफाइल प्लॅटफॉर्म'ला ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत, दिल्याबरोबर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग गेली आणि माणसांनी लिहिलेले शेरे वाचता यायला लागले.

नव्या मुलांचं म्हणणं, हे सगळं पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलच्या डेटा आणायच्या साधनात, 'फोल्डरमधून' निवडलं की होतं, कोड कशाला? खरंय त्यांचं. २०१६ पासून ते एक्सेलमध्येच आहे आणि आज नव्यानं सुरुवात केली असती तर मीही तेच घेतलं असतं. पण तिथंही पहिल्या दोनशे ओळी पाहून कॉलमचे प्रकार आपोआप ठरतात, आणि दोनशे एकाव्या ओळीत काय आहे ते कोणी विचारत नाही. म्हणून त्यांनाही मी तुमचेच दोन प्रश्न विचारतो, 'हे एक म्हणजे काय?' आणि 'ताळा कुठंय?'. थोडा वैताग येतो त्यांना, येऊ दे.

आता एक काम तुमच्यासाठी. फाइली उपफोल्डरांतही यायला लागल्या आहेत. लूप चालू असताना आत दुसरा 'डिर' बोलावला की पहिला आपली जागा विसरतो, म्हणून आधी सगळ्या फोल्डरांची नावं कलेक्शनमध्ये, म्हणजे एका यादीत, गोळा करून मग एकेक उघडतो. चालतंय, ताळाही जुळतोय, पण कोड लांबला आहे. मॅक्रो असलेली एक्सएलएसएम फाइल वेगळी पाठवतो. मेलनं आलेली म्हणून एक्सेल मॅक्रो अडवेल, तेव्हा प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण करा. सवडीनं पाहा, आणि जिथं ओळी जास्त वाटतील तिथं नेहमीसारखी काट मारा.

आपला,
पलीकडच्या विभागातला एक सहकारी