आई, किकच्या वेळी चहाला उठू नकोस

ॲन आर्बर, मिशिगन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचे जुने सामने बघायचे तर नेमके कोणते, आणि त्यांत बघायचं काय. फोनवर सांगायला गेलं की यार्ड आणि गुणांचा नुसता गोंधळ होतो, म्हणून लिहूनच काढते. आई, तुझी एक सवय मात्र आधी मोडायला हवी. चेंडूला लाथ मारायची वेळ आली की तू "झालं यांचं" म्हणत चहा टाकायला उठतेस. या संघाचे जे सामने इथली माणसं पिढ्यान् पिढ्या घोळवत बसतात, त्यांतले बरेचसे त्या चहाच्या वेळेतच फिरलेले आहेत. म्हणून निवडही त्याच अंगाने केली आहे.

आधी थोडं गणित. मैदान १०० यार्डांचं, शिवाय दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू घेऊन समोरच्या एंड झोनमध्ये शिरलं की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर किक मारून १, किंवा जवळून पुन्हा धावून वा पास देऊन २. नुसती खांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, ३ गुण. स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकलात तर समोरच्याला २ गुण, त्याला सेफ्टी म्हणतात.

तीन प्रयत्न वाया गेले की चौथ्याला बहुतेक संघ पंट करतात, म्हणजे चेंडू लांब मारून देऊन टाकतात. पंट मारणारा साधारण १५ यार्ड मागे उभा असतो. दोन पायांमधून चेंडू त्याच्याकडे फेकला जातो, तो स्नॅप. स्नॅपपासून चेंडू पायावरून सुटेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. स्नॅप खाली गेला, बाजूला गेला किंवा हातातून निसटला की ते दोन सेकंद संपतात आणि समोरचे अंगावर येतात. दुसऱ्या टोकाला झेलणारा एकटा असतो. त्याने हात वर करून हलवला तर त्याला हात लावायचा नाही, पण मग त्यालाही धावता येत नाही. त्याने चेंडूला स्पर्श केला आणि तो सुटला, तर तो कोणीही उचलावा. शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला सामना २५ नोव्हेंबर १९५०चा, शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्या कोलंबसमध्ये. याची फक्त कृष्णधवल दृश्यं मिळतात आणि त्यांतही बर्फाशिवाय फारसं काही दिसत नाही, तरी बघाच. हिमवादळ एवढं की रेषा झाडून काढाव्या लागत होत्या, आणि तरी ५० हजारांवर माणसं बसून होती. मिशिगनने अख्ख्या सामन्यात एकदाही १० यार्ड पार केले नाहीत. नऊ पास टाकले, नऊही वाया. एकूण मजल २७ यार्डांची. आणि सामना जिंकला, ९-३. दोन्ही संघांनी मिळून ४५ पंट मारले, त्यांतले २४ मिशिगनचे. अशा हवेत चेंडू जवळ बाळगणं हाच धोका होता, म्हणून पहिल्याच प्रयत्नात लाथ मारून तो समोरच्याच्या गळ्यात घालायचा आणि त्याच्या चुकीची वाट बघायची. ओल्या खेळपट्टीवर नाणेफेक जिंकून समोरच्याला फलंदाजी द्यावी, तसला हिशेब. एक अडवलेला पंट एंड झोनच्या बाहेर गेला, २ गुण. पूर्वार्ध संपायला ४७ सेकंद असताना टोनी मॉमसेनने दुसरा पंट अडवला आणि एंड झोनमध्ये स्वतःच त्या चेंडूवर पडला. ६ अधिक १. गंमत म्हणजे पंट मारणारा विक जानोविच त्या वर्षीचा हाइझमन विजेता, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. हरवलं ते हवामानाने.

या पराभवानंतर ओहायोच्या प्रशिक्षकांनी पद सोडलं आणि १९५१मध्ये वुडी हेज आले. हेज यांच्याच हाताखाली खेळलेले आणि पुढे त्यांचे साहाय्यक राहिलेले बो शेंबेक्लर १९६९मध्ये मिशिगनला प्रशिक्षक झाले. म्हणजे दुसरा सामना पहिल्याच्याच पोटातून निघतो.

२२ नोव्हेंबर १९६९, ॲन आर्बर. ओहायो सलग २२ सामने जिंकून आलेला, देशात पहिल्या क्रमांकावर. आदल्या वर्षी त्यांनी मिशिगनला ५०-१४ने तुडवलं होतं. या वेळी २४-१२ने मिशिगन जिंकलं. सगळे गुण पूर्वार्धातच झाले, त्यामुळे वेळ कमी असेल तर उत्तरार्ध सोडून दिलात तरी चालेल. ओहायोचे सहा पास मिशिगनच्या हातात पडले, त्यांतले तीन एकट्या बॅरी पिअर्सनच्या. पण मला विचाराल तर त्यापेक्षा मोठी गोष्ट त्याने पंट झेलून परत धावत नेला, ती: ६० यार्ड, थेट ओहायोच्या उंबरठ्यापर्यंत. पुढचा टचडाउन मग आयताच. हा तुकडा बघताना पिअर्सनकडे कमी आणि त्याच्या पुढच्यांकडे जास्त बघा. झेलणाऱ्याला वाट करून देणारे सहकारी समोरच्याला पाठीमागून ढकलू शकत नाहीत. ढकललं तर दंड होतो आणि त्या जागेपुढची धाव रद्द. म्हणून ते आधी समोर जाऊन उभे राहतात. बहुतेक चांगल्या पंट-धावा यामुळेच घडतात, आणि बहुतेक रद्दही याच चुकीने होतात.

१९९१ आणि १९९७ हे जोडीने बघा. दोन्ही ओहायोविरुद्ध, दोन्ही ॲन आर्बरला, दोन्हींत एकेक पंट-धाव. १९९१मध्ये डेझमंड हॉवर्डने ९३ यार्डांची धाव घेतली, मिशिगनच्या इतिहासातली सर्वांत लांब, आणि एंड झोनमध्ये पोचल्यावर हाइझमन चषकावरच्या पुतळ्यासारखा एक पाय उचलून उभा राहिला. सामना ३१-३, म्हणजे एकतर्फी. चषकही त्यालाच मिळाला. खरं तर त्याने तो झेल सोडून द्यायला हवा होता. स्वतःच्या १० यार्डांच्या आत पंट आला तर हात लावायचा नाही, तो घरंगळत एंड झोनमध्ये जाईल असं धरायचं, हा शिरस्ता. त्याने ७ यार्डांवर झेलला. जमलं म्हणून पुतळा, सुटला असता तर वर्षभर शिव्या.

१९९७चा सामना मात्र अटीतटीचा, २०-१४. चार्ल्स वुडसन मुळात बचावपटू, पण त्या दिवशी त्याने ३७ यार्डांचा पास झेलला, ७८ यार्डांची पंट-धाव घेऊन टचडाउन केला, आणि ओहायोचा एक पास आपल्या एंड झोनमध्ये पकडला. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला हाइझमन मिळण्याची ती पहिली वेळ. पुढे रोझ बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ने हरवून मिशिगन अपराजित राहिलं. राष्ट्रीय विजेतेपद मात्र वाटून मिळालं: पत्रकारांच्या मतदानात मिशिगन, प्रशिक्षकांच्या मतदानात नेब्रास्का. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. हा वाद इथे अजूनही कोणीही, कुठेही उकरून काढतं.

२००४चा मिशिगन स्टेटविरुद्धचा (हे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ) सामना ब्रेलन एडवर्ड्समुळे प्रसिद्ध आहे. चौथ्या सत्रात १०-२७ अशी पिछाडी, तिथून तीन ओव्हरटाइम खेळून ४५-३७. सगळे त्याचे झेल दाखवतात. तुम्ही त्याआधीची ऑनसाइड किक शोधा. फील्ड गोल झाल्यावर मिशिगनने खेळ पुन्हा सुरू करण्याची किक मुद्दाम आखूड मारली. अशी किक १० यार्ड गेली की मारणाऱ्या संघालाही चेंडू घेता येतो. ती साधली नसती तर एडवर्ड्सच्या हाती पुढचे पास आलेच नसते.

आता रडवणारे दोन. ते वगळून यादी करणारा चाहता खोटा.

१ सप्टेंबर २००७. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. समोर ॲपलाचियन स्टेट, एक पायरी खालच्या गटातला संघ. आपल्या गटात दोन वर्षं सलग विजेता, पण असल्या संघांना मोसमाच्या सुरुवातीला पैसे देऊन बोलावतात ते हरवायलाच. मध्यंतरालाच ते २८-१७ने पुढे. मिशिगनने दोनदा टचडाउननंतर २ गुणांचा प्रयत्न केला आणि दोन्ही फसले. गुणफलकावर ३२-३४ दिसत होतं, सहा सेकंद बाकी होते आणि फील्ड गोल ३७ यार्डांचा होता. हे अंतर कसं मोजतात बघा: चेंडू २०च्या रेषेवर, त्यात एंड झोनचे १० मिळवा, कारण खांब त्याच्या मागच्या कडेला असतात, आणि चेंडू धरणारा ७ यार्ड मागे बसतो ते ७. किक सोपीच होती. पण बाजूने आलेल्या कोरी लिंचला कोणी अडवलं नाही आणि त्याने ती किक अडवली. फील्ड गोलच्या वेळी कडेच्या खेळाडूने आधी आतल्या बाजूला आधार द्यायचा असतो, कारण आतून येणाऱ्याला अंतर कमी पडतं. बाहेरचा वेगवान असेल आणि किक जराशी खाली सुटली, तर हेच होतं. त्याआधी दोनच मिनिटांत मिशिगनची आणखी एक किक अशीच अडवली गेली होती.

दुसरा १७ ऑक्टोबर २०१५चा, पुन्हा मिशिगन स्टेट. २३-२१ची आघाडी, दहा सेकंद शिल्लक, चौथा प्रयत्न. पंट मारला की सामना संपला. ब्लेक ओनील ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल खेळून आलेला, त्याच दिवशी त्याने ८० यार्डांचा पंट मारला होता. स्टेटने मागे झेलणारा ठेवलाच नाही, सगळे पुढे आणले. स्नॅप खाली आला, ओनीलच्या हातून निसटला. अशा वेळी चेंडूवर नुसतं पडून राहायचं. स्टेटला एखाद-दुसरा पास मिळाला असता, फार तर लांबचा फील्ड गोल. त्याने उचलून मारायचा प्रयत्न केला, धक्का बसला, चेंडू उडून जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात, आणि ३८ यार्ड धावून घड्याळ शून्यावर असताना टचडाउन. २७-२३. स्टेट अख्ख्या सामन्यात त्याआधी क्षणभरही पुढे नव्हतं. वॉट्स-जॅक्सनवर आनंदाच्या भरात त्याचेच सहकारी पडले आणि त्याचा खुबा मोडला. ओनीलला नावं ठेवणारे पुष्कळ, पण मागे झेलणारा नाही हे दिसत असताना पंटची आखणी तशीच ठेवली, तो दोष मैदानाबाहेरच्यांचा.

२०२१चा ओहायोविरुद्धचा ४२-२७ हा लाथेविना जिंकलेला. बर्फ, हसन हॅस्किन्सचे पाच टचडाउन आणि ओहायोकडून सलग आठ पराभवांचा शेवट. आई, इथे चहा केलास तरी चालेल.

१ जानेवारी २०२४चा अलाबामाविरुद्धचा रोझ बोल मात्र जागचं न हलता बघा, कारण किकच्या बाबतीत जे-जे बिघडू शकतं ते सगळं मिशिगनने त्यात करून दाखवलं. पहिलाच पंट झेलताना सुटला आणि त्यातून अलाबामाचा टचडाउन. एका टचडाउननंतर स्नॅप नीट धरला गेला नाही, १ गुण गेला. एक फील्ड गोल चुकला. आणि २०-२० बरोबरी असताना, मिनिटभरही उरलं नसताना, जेक थॉच्या हातून पंट सुटून मागे घरंगळला. तोच तो नियम: स्पर्श झाला, आता कोणीही उचला. त्याने स्वतःच १ यार्डाच्या रेषेजवळ तो दाबून धरला. अलाबामाला मिळाला असता तर सगळं तिथेच आटोपलं असतं. ओव्हरटाइममध्ये ब्लेक कोरमने १७ यार्ड धावून टचडाउन केला, आणि अलाबामाचा शेवटचा प्रयत्न ३ यार्डांवरून अडला, त्यातही स्नॅप खालीच गेला होता. २७-२०. आठवड्याने ह्यूस्टनला वॉशिंग्टनला ३४-१३ने हरवून विजेतेपद. तो अंतिम सामना त्यामानाने सपक.

शेवटचा ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस. मिशिगनचा मोसम सुमार, ओहायो पुढे राष्ट्रीय विजेता झालेला संघ. ओहायोच्या जेडन फील्डिंगच्या ३४ आणि ३८ यार्डांच्या किका चुकल्या. मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने ५४ यार्डांवरून एक मारली आणि ४५ सेकंद असताना २१ यार्डांची शेवटची. १३-१०. मोजून बघा, ओहायोची एक किक आत गेली असती तर काय.

थेट सामना बघायचा असेल तर ओहायोविरुद्धचा नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी असतो, बहुधा इथल्या दुपारी १२ला, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहा. विषम वर्षी ॲन आर्बरला, सम वर्षी कोलंबसला. खेळाची वेळ ६० मिनिटांची, पण संपायला साडेतीन तास धरा. बाबा, रक्तदाबाची गोळी त्याआधीच घ्या आणि मध्यंतरापर्यंतच जागा. उरलेलं सकाळी बघता येईल, फक्त तोवर घरच्या ग्रुपवर जाऊ नका, काका आधीच गुण टाकून मोकळे होतात.

तुमची,
मुग्धा