अमोल घरी यायच्या आधी

सातारा

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू सारखं "काय करू ते सांग" म्हणत होतास आणि मला धड काही सुचत नव्हतं. म्हणून लिहायला बसलो. फौजेत जखमी झालेल्या अमोलचा पाय गुडघ्याखालून गेला, गुडघा वाचला, ही फार मोठी गोष्ट आहे गड्या. गुडघा स्वतःचा असला की नवीन पायावर चालणं, जिना चढणं पुष्कळ सोपं जातं. आमच्या दादाचंही तसंच. १९९९ साली जुलैत कारगिलची लढाई थांबली, पण डोंगरात पेरलेले सुरुंग तिथेच होते. ते काढायला गेलेल्या सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर जवानांमध्ये, दादा होता. तेव्हा मी लिहितोय ते सगळं घरात बघितलेलं आहे.

आधी सत्कारांचं सांगतो. सरपंच, आमदारांची माणसं, तरुण मंडळ, शाळा, सगळे हार-फेटे घेऊन येतील. एक कार्यक्रम होऊ दे, गावालाही बरं वाटतं. पुढचे मात्र दारातूनच परतव. दादाला स्टेजवर बसवून लोक भाषणं ठोकायचे आणि नजर सगळ्यांची पँटच्या दुमडलेल्या पायावर. पुढे फेटेवाले पांगले आणि घर एकदम सुनं पडलं.

घरातलं याहून अवघड. आई दादाला पलंगावरून हलू देत नव्हती. पाणी हातात, ताट हातात. एक दिवस वहिनीने पाण्याचा तांब्या उचलून पुन्हा माठाशी नेऊन ठेवला. आई भडकली, "पोरीला काळीज आहे की नाही?" दादा काही बोलला नाही. कुबड्या घेतल्या, अडखळत माठापाशी गेला, पाणी प्यायला, आणि येताना आईलाही तांब्या भरून घेऊन आला. निम्मं पाणी वाटेत सांडलं. माझ्या मते दादाचं बरं होणं तिथून सुरू झालं. म्हणून सांगतो, त्याचं काम त्याला करू दे. घराचे व्यवहार, बी-बियाणं, धाकटीची फी, सगळं त्याला विचारून कर.

बाकी बारीकसारीक. स्टंपला, म्हणजे कापून उरलेल्या पायाला, क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं गुंडाळायचं, खाली घट्ट, वर जाताना सैल. हॉस्पिटलमध्ये शिकवतात तेव्हा घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. गुडघ्याखाली उशी अजिबात द्यायची नाही. काकूंना वाटेल पोराला आराम पडतोय, पण गुडघा वाकलेलाच आखडून बसला की पुढे पाय बसवताना रड. दिवसातून थोडा वेळ त्याला पालथं झोपू दे. आणि रात्रीचं जप. झोपेत उठताना पाय आहे असं समजून ही माणसं सरळ पाऊल टाकतात आणि तोंडावर आपटतात. कुबड्या आणि दिव्याचं बटण हाताशी हवं. न्हाणीत धरायला पाइप ठोकून घे, आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची ठेव, संडासात कमोड बसव. हे सगळं तो यायच्या आधी उरकून टाक.

नसलेल्या बोटांत कळ येते असं तो म्हणेल. कुणीही हसू नका, भुताखेतावर नेऊ नका. मेंदूच्या हिशेबी तो पाय अजून तिथेच असतो. काहींना आरशाचा उपाय लागू पडतो. दोन पायांमध्ये आरसा उभा धरायचा आणि चांगला पाय हलवत त्याच्या प्रतिबिंबाकडे बघायचं. दादाला त्याने काही झालं नाही, स्टंप हलकेच चोळला की उतार पडायचा. पाऊस यायचा असला की अजून ठणकतो.

पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला बसवतील. १९४४ पासून तिथे हेच काम चालतं, चिंता नको. पण पहिला पाय बसला म्हणजे सुटलो असं समजू नका. स्टंप आटत जातो, सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती नव्या पायाची खोबण, सैल होतं, मग स्टंपवरचे मोजे वाढवायचे, शेवटी सॉकेटच बदलायचं. रोज रात्री पाय काढला की हातात आरसा धरून कातडी बघायची. लाल चट्टा जात नसेल तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. पावसाळ्यात घामाने फार चिघळतं.

लोक त्याला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतील, आपल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे ना ते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक, पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. माणूस थोरच. पण आत्ता अमोलला पदकं ऐकवू नकोस. पेटकरांचं पोहणं आधी उपचार म्हणूनच सुरू झालं, तेवढं पुरे. त्याला झोप लागत नसेल, दिवाळीत सुतळी बॉम्बला दचकत असेल, गप्प गप्प राहत असेल, तर हॉस्पिटलमधल्याच मानसोपचार डॉक्टरला गाठ. आणि फौजी कँटीनच्या रमवर डोळा ठेव. आपल्याकडे तिला कुणी औषध म्हणत नाही, पण देतात औषधासारखीच.

कागद तू सांभाळ. जखम कुठे, कशाने झाली ती नोंद आणि मेडिकल बोर्डाचा कागद, यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेव. युद्धजखम धरली की पेन्शनचा दर वेगळा, साधं अपंगत्व धरलं की वेगळा. अपंगत्वाच्या टक्केवारीचंही बघ. फौजेतून घरी पाठवलं तर ५० टक्क्यांच्या आत असेल त्याला ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, त्यापुढे १००. दादाच्या वेळी एका ऑफिसात नावातली एक वेलांटी चुकली आणि वडिलांच्या चपला झिजल्या. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. घरीच पाठवतील असंही नाही, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा देऊन, फौजेतच बसून करायचं काम मिळू शकतं. राहायचं की यायचं ते अमोल ठरवेल, तू नाही आणि भाऊंनी तर अजिबात नाही. आलाच, तर खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली जखमी सैनिकांसाठीच काढलेली. तिथे कामधंद्याचं शिक्षण मिळतं.

रविवारी मी आणि दादा पुण्याला येतोय. दादाला अमोलजवळ एकटं बसू दे, आपण बाहेर थांबू. काकूंना वहिनीचा नंबर दे, त्या दोघींचं बोलणं व्हायला हवं. आणि डबा बांधून आणू नकोस, दादा मिसळ खाल्ल्याशिवाय पुण्यातून हलत नाही.

तुझा,
सुधीर